इंजिन काम झालं, आता पहिलं ऑईल कुठलं टाकू?

प्रश्न असा आहे की जुनं चार सिलिंडरचं पुशरॉडवालं पेट्रोल इंजिन पूर्ण खोलून बांधलंय, बोअर करून ओव्हरसाईज पिस्टन आणि नवीन रिंगा टाकल्यात, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नवीन, टॅपेट (कॅम आणि पुशरॉडच्या मधला तुकडा) पण नवीन आणि ते सपाट बुडाचे आहेत, रोलरवाले नाहीत. आता ऑईलवरून तिघांचे तीन सल्ले. एक म्हणतो एवढा खर्च केलायस तर फुल सिंथेटिकच टाक, दुसरा म्हणतो जाड २०डब्ल्यू-५० टाक म्हणजे बिनघोर, आणि तिसरा म्हणतो ब्रेक-इन ऑईल, म्हणजे नव्या बांधलेल्या इंजिनाला सुरुवातीपुरतं टाकायचं ऑईल, हा नुसता विकायचा धंदा, जे हाताशी असेल ते ओत.

आधी उत्तर सांगून टाकतो, मग का ते सविस्तर. तुमच्या इंजिनात मिनरल ब्रेक-इन ऑईल टाका, म्हणजे झिंक-फॉस्फरस भरपूर आणि डिटर्जंट कमी असलेलं. ग्रेड (जाडी) ३० चा घ्या, एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३०, आणि बेअरिंगला क्लिअरन्स (फट) मोकळा ठेवला असेल तर ४० चा. पहिल्या अर्ध्या तासाच्या रनिंगनंतर ते गरम असतानाच काढून टाका, फिल्टर बदला, परत त्याच प्रकारचं नवीन ऑईल भरून ८०० किलोमीटर चालवा. त्यानंतर साधं चांगलं मिनरल. सिंथेटिकचा विचार ४-५ हजार किलोमीटर झाल्यावर, इंजिन ऑईल खात नाही याची खात्री पटली की.

आता का ते. नव्याने बांधलेल्या इंजिनात चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं) एकच ऑईल अशा दोन जागी जातं ज्यांची मागणी एकमेकींच्या बरोब्बर उलट आहे. रिंगा आणि बोअरला थोडं झिजायचंय, झिजल्याशिवाय त्या बसतच नाहीत. आणि कॅम-टॅपेटला अजिबात झिजायचं नाहीये, तिथे पहिल्या अर्ध्या तासात थोडंसं जरी खरवडलं तरी तो लोब (कॅमचा उंचवटा) गेला म्हणून समजा. एकाला घासू द्यायचं, दुसऱ्याला वाचवायचं, आणि ऑईल तर एकच. ब्रेक-इन ऑईल ज्यांनी बनवलं त्यांनी हा पेच सोडवायला बनवलं, म्हणून तिसऱ्याचं म्हणणं तुमच्या इंजिनापुरतं तरी मला मान्य नाही.

आधी रिंगांचं बघू. होनिंग (सिलिंडर आतून दगडाने घासणं) केल्यावर बोअरला तिरक्या रेघांची जाळी पडते, त्यालाच क्रॉसहॅच म्हणतो आपण. डोळ्याला त्या नुसत्या रेघा दिसतात पण जवळून बघितलं तर ते बारीक डोंगर आणि दऱ्या आहेत. दऱ्यांमध्ये ऑईल थांबतं आणि डोंगरांची टोकं नव्या रिंगेच्या तोंडाला घासतात, रिंग थोडी झिजते, टोकं थोडी झिजतात आणि दोघांचा मेळ बसला की सील तयार होतं. आता ही रिंग बोअरवर दाबते कोण? लोकांना वाटतं रिंगेचा स्वतःचा ताण. तो असतो, पण थोडाच. खरा दाब सिलिंडरमध्ये पेटलेल्या गॅसचा. तो गॅस रिंगेच्या वरून खोबणीत शिरतो, रिंगेच्या मागे जातो आणि तिला बाहेर ढकलतो. लोड नसेल तर हा दाब नाही, दाब नाही तर रिंग बसत नाही. म्हणून नवीन इंजिन आहे, हळूहळू प्रेमाने चालवतो असं म्हणून जे लोक आठवडाभर फुंकर घालत गाडी चालवतात त्यांचीच इंजिनं पुढे धूर मारतात. बहुतेक काम पहिल्या काही तासांतच होतं, ती वेळ गेली की गेली.

न बसलेल्या रिंगांवरून ऑईल वर चढतं, जळतं आणि त्याचा एक कडक चकचकीत थर बोअरवर बसतो, ग्लेझिंग. दऱ्या बुजतात. एक इंजिन माझ्याकडे आलं होतं, दुसरीकडे बांधलेलं, पहिल्या दिवसापासून भारी सिंथेटिक आणि बराच वेळ जागेवर स्लोवर चालू ठेवलेलं. हेड उतरवलं तर बोअर आरशासारखा, बल्बचं प्रतिबिंब दिसत होतं आत. नख फिरवून बघितलं तर कुठे अडकत नव्हतं. रिंगांच्या तोंडावर मशीनचे मूळ मार्क अजून शाबूत, म्हणजे त्या बसल्याच नव्हत्या. परत होनिंग, परत रिंगा, परत गॅस्केट. पार्ट सगळे चांगले होते हो, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग सिंथेटिक वाईट का? नाही, आणि इथे मला दुसऱ्या बाजूचं पण सांगितलं पाहिजे. शेवरोले कॉर्व्हेट १९९२ पासून कारखान्यातूनच सिंथेटिक ऑईल भरून येते, आणि तिच्या रिंगा व्यवस्थित बसतात. कारण कारखान्यात प्लॅटो होनिंग करतात, म्हणजे डोंगरांची टोकं आधीच छाटून फक्त दऱ्या ठेवलेल्या असतात, रिंगेला घासायला फार उरतच नाही. शिवाय आजकालचे कॅम बहुतेक रोलरचे. आपण जे इंजिन बांधतो त्याचं होनिंग कुठल्या दगडाने झालं, किती हात मारले, यावर सगळं अवलंबून असतं. तेव्हा सिंथेटिकने रिंगा बसतच नाहीत हे अर्धसत्य आहे, अडचण बेस ऑईलपेक्षा त्यातल्या फ्रिक्शन मॉडिफायरची जास्त, जे घर्षण कमी करायलाच टाकलेले असतात आणि आपल्याला तर नेमकं तेच थोडं घर्षण हवंय. आणि जे ऑईल अर्ध्या तासात काढून टाकायचंय ते महागडं भरण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आता कॅमचं, आणि तुमच्या बाबतीत खरी काळजी इथेच आहे. सपाट टॅपेट आपण सपाट म्हणतो पण त्याचं बूड अगदी किंचित फुगीर असतं, आणि कॅमचा लोब किंचित उतरता घासलेला असतो. त्यामुळे लोब टॅपेटच्या मध्यावर न लागता थोडा बाजूला लागतो आणि टॅपेट प्रत्येक उचलीला थोडा थोडा फिरतो. हे फिरणं म्हणजे त्याचा जीव. फिरला तर घासणं सगळ्या बुडावर वाटलं जातं, अडकला तर एकाच रेषेवर व्हॉल्व्ह स्प्रिंगचा सगळा दाब येतो आणि ती जागा म्हणजे जेमतेम एक बारीक पट्टी. तिथे ऑईलचा थर टिकूच शकत नाही, धातूला धातू टेकतो. त्या क्षणी जे वाचवतं ते झिंक, म्हणजे झेडडीडीपी नावाचं ॲडिटिव्ह, त्यात झिंक आणि फॉस्फरस दोन्ही असतात. उष्णता आणि दाब मिळाला की ते धातूवर काचेसारखा एक पातळ थर तयार करतं, धातूऐवजी तो थर खरवडला जातो आणि परत तयार होतो. म्हणजे बळी ऑईलचा जातो, कॅमचा नाही.

आता गोम अशी की हे झिंक नव्या ऑईलमध्ये कमी होत गेलंय. फॉस्फरस जळून सायलेन्सरच्या वाटेने जातो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो, म्हणून पेट्रोल इंजिनाच्या ऑईलवर मर्यादा आली. एपीआय एसएल (डब्यावर छापलेला ऑईलचा दर्जा, एसएम, एसएन हे त्याच्या पुढचे) मध्ये फॉस्फरस जास्तीत जास्त ०.१० टक्के होता, २००४ मध्ये एसएम आलं तेव्हा तो ०.०८ वर आणला, म्हणजे ८०० पीपीएम, आणि पुढे एसएन (२०१०), एसपी (२०२०) मध्येही तेच राहिलं. ही मर्यादा पातळ ग्रेडना आहे, ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० वगैरे. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ला ती तशी लागू नाही, म्हणून त्यात जास्त झिंक असू शकतं. असू शकतं म्हणतोय, असतंच असं नाही. डब्यावर जितकं नवीन अक्षर तितकं ऑईल चांगलं हा हिशोब नव्या इंजिनाला बरोबर आहे, तुमच्या सपाट टॅपेटला नाही. कंपनीचा डेटाशीट काढून झिंक आणि फॉस्फरसचे आकडे बघा. मी ब्रेक-इनला १००० पीपीएमच्या खाली फॉस्फरस घेत नाही, १२०० ते १५०० च्या आसपास असेल तर निवांत असतो.

काही जण म्हणतील मग साध्या ऑईलमध्ये झिंकची बाटली ओततो. नका करू असं अंदाजाने. मूळ ऑईलमध्ये किती आहे ते माहीत नसताना वरून किती झालं ते कळणार कसं, आणि झिंक जितकं जास्त तितकं चांगलं असं पण नाहीये, प्रमाणाबाहेर गेलं की तेच धातूला खायला लागतं. शिवाय डिटर्जंटचं गणित आहे. डिटर्जंट आणि झिंक दोघांनाही धातूच्या पृष्ठभागावर जागा हवी असते, डिटर्जंट जास्त असेल तर झिंकला बसायला जागा कमी. ब्रेक-इन ऑईलमध्ये डिटर्जंट मुद्दाम कमी ठेवतात ते याचसाठी, आणि त्याचमुळे ते पुढे ५ हजार किलोमीटर चालवायचं पण नसतं, घाण धरून ठेवायची ताकद त्यात नाही.

डिझेलचं १५डब्ल्यू-४० टाकू का, हे पण खूप जण विचारतात. एके काळी हा खरंच चांगला जुगाड होता, सीआय-४ (डिझेल ऑईलचा जुना दर्जा) वाल्या ऑईलमध्ये झिंक दाबून असायचं. नंतर सीजे-४ (२००६) आणि सीके-४ (२०१६) मध्ये फॉस्फरसला ०.१२ टक्क्याची वरची मर्यादा आली, आणि वरची मर्यादा म्हणजे तेवढं असेलच असं नव्हे. त्यात डिटर्जंट भरपूर. ब्रेक-इन ऑईल मिळतच नसेल तर आकडे बघून हे टाका, मी पण टाकलेलं आहे, पण ती दुसरी पसंती. रोलर कॅमवालं इंजिन असतं तर मी हे बिनदिक्कत टाका म्हणालो असतो. आणि कुणी बाईकचं इंजिन बांधून हे वाचत असेल तर तुमचा क्लच ऑईलमध्येच भिजलेला असतो, तुम्हाला जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑईलचा दर्जा) लिहिलेलंच मिनरल हवं. त्यात फ्रिक्शन मॉडिफायर नसतात आणि फॉस्फरसही ०.०८ ते ०.१२ मध्ये बांधलेला असतो, म्हणजे रनिंग-इनला ते आपसूकच बरं पडतं.

२०डब्ल्यू-५० चं काय? जाड म्हणजे सुरक्षित ही समजूत जुन्या झिजलेल्या इंजिनावरून आलीय, जिथे बेअरिंग सैल झालेलं असतं आणि पातळ ऑईल प्रेशर धरत नाही. तुमची बेअरिंगं नवीन आहेत. ढोबळ हिशोब असा की जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) दर एक इंच व्यासाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) क्लिअरन्स, म्हणजे दोन इंची जर्नलला दोन थाऊ. दोन थाऊच्या आसपास असेल तर ३० चं ऑईल, अडीचच्या पुढे ४० चं, तीनच्या वर गेलं तरच ५०. तुमच्या लेथवाल्याला विचारा त्याने किती ठेवलाय, त्याने मापलं असेल तर तो लगेच सांगेल. घट्ट बेअरिंगमध्ये थंड ५० चं ऑईल वेळेवर पोचत नाही, फिल्टरचा बायपास (फिल्टर टाळून जाणारी वाट) उघडतो आणि न गाळलेलं ऑईल सरळ बेअरिंगला जातं, ते पण नेमकं त्या दिवशी जेव्हा आत सगळ्यात जास्त चुरा असतो.

ऑईल कितीही बरोबर निवडलं तरी त्याआधीच्या दोन-तीन गोष्टी चुकल्या तर ते वाचवू शकत नाही, म्हणून त्या सांगतो. होनिंगनंतर बोअर पेट्रोल-रॉकेलने पुसून भागत नाही, दगडाची बारीक पूड दऱ्यांमध्ये तशीच राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश, आणि मग स्वच्छ पांढऱ्या फडक्याला थोडं ऑईल लावून बोअरमधून फिरवा. फडकं करडं आलं तर परत धुवा. मी कधी कधी चौथ्या-पाचव्यांदा धुतो, फडकं पांढरं येईपर्यंत. धुऊन झालं की लगेच कोरडं करून ऑईलचा हात फिरवायचा, नाहीतर बघता बघता गंज धरतो. कॅमच्या लोबला आणि टॅपेटच्या बुडाला मॉलीची काळी पेस्ट लावा, सढळ हाताने. पण ती रिंगांना किंवा बोअरला लावू नका, तिथे साधं ऑईल, पातळ हात. आणि पहिल्यांदा चालू करायच्या आधी ऑईल पंप ड्रिलने फिरवून किंवा प्लग काढून स्टार्टरने फिरवून गेजला प्रेशर दिसेपर्यंत थांबा. टॅपेट टाकताना प्रत्येक टॅपेट आपल्या बोअरमध्ये बोटाने सहज फिरतोय ना ते बघा, हा एक मिनिटाचा चेक आहे.

पहिली स्टार्ट. टायमिंग आधी जुळवून ठेवा, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरून ठेवा, पाणी भरलेलं, म्हणजे स्टार्टर मारत बसायला लागू नये. चालू झालं की सरळ २०००-२५०० आरपीएमवर न्या आणि २० ते ३० मिनिटं तिथेच थोडं वर-खाली करत ठेवा. स्लोवर सोडायचं नाही. कॅमला बहुतेक ऑईल क्रँकच्या फेकीतून मिळतं, क्रँक हळू फिरला तर शिंतोडे पण कमी, आणि स्लोवर लोबच्या टोकावर दाब उलट जास्त असतो. काही गळती दिसली, टेंपरेचर चढलं, तर इंजिन बंद करा, दुरुस्त करा आणि परत चालू करून सरळ २००० वर. एका पिकअपचं इंजिन आठवतंय, बांधणी चांगली, ऑईल पण बरोबर, पण टायमिंग लावायला म्हणून पहिल्याच दिवशी पाव तास स्लोवर चालू ठेवलं होतं. दोन दिवसांनी टकटक सुरू झाली आणि एका सिलिंडरला दम नाही. टॅपेट बाहेर काढला तर त्याचं बूड बशीसारखं खोल गेलेलं, आणि समोरचा लोब गोल झालेला, टोक म्हणून उरलंच नव्हतं. त्या लोबचं सगळं लोखंड चेंबरमार्गे बेअरिंगांपर्यंत पोचलं होतं. व्हॉल्व्हला डबल स्प्रिंग असतील तर ब्रेक-इनपुरती आतली स्प्रिंग काढून ठेवा, दाब तेवढाच कमी होतो.

अर्धा तास झाला की ऑईल गरम असतानाच सोडा आणि फिल्टर फेकू नका, कापा. आतला कागद उलगडून, पिळून उजेडात बघा. काळपट चिकट थर दिसेल, ती मॉलीची पेस्ट, घाबरू नका. बारीक करड्या चमकीला चुंबक लावला आणि ती थोडीशी चिकटली तर तो रिंगांचा चुरा, पहिल्या वेळी चालतो. पण तांब्याच्या रंगाची चमक किंवा टोचणारे कण दिसले तर गाडी हलवू नका, बेअरिंग बघायला लागेल.

मग गाडी बाहेर काढा आणि रिंगांना लोड द्या. वरच्या गिअरमध्ये ५० पासून ८० पर्यंत दमदार ॲक्सिलरेशन, मग पाय पूर्ण उचलून इंजिनच्या ब्रेकवर परत ५० पर्यंत येऊ द्या. असं १०-१५ वेळा, मधे थोडं साधं चालवून इंजिन निवू द्या. पाय उचलल्यावर सिलिंडरमध्ये जो व्हॅक्यूम होतो तो थोडं ऑईल वर ओढतो आणि रिंगांपाशी साचलेला चुरा धुऊन काढतो, म्हणून ॲक्सिलरेशनइतकंच ते सोडणंही महत्त्वाचं. ८०० किलोमीटरपर्यंत एकाच स्पीडने लांब पल्ला नको, ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास उभं राहणं नको, ओव्हरलोड नको. डिपस्टिक रोज सकाळी, गाडी सपाट जागी उभी करून. सुरुवातीला लेव्हल थोडी उतरेल, ते धरून चाला, पण उतरण्याचा वेग दर २००-३०० किलोमीटरला कमी होताना दिसला पाहिजे. वहीत लिहून ठेवा, डोक्यात ठेवलेलं आठवत नाही.

८०० ला दुसरं ऑईल बदललं की कॉम्प्रेशन घ्या, चारही सिलिंडरचं. आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत आले आणि डिपस्टिक स्थिर झाली की रिंगा बसल्या. पुढचं ऑईल साधं मिनरल, झिंकचा आकडा बघूनच, आणि ते २५०० किलोमीटरला बदला. सपाट टॅपेटला झिंक आयुष्यभर लागतं, फक्त ब्रेक-इनला नाही, तेव्हा पुढे सिंथेटिकवर गेलात तरी डेटाशीट बघायची सवय सोडू नका. आणि ८०० नंतरही पाय सोडून परत दाबताना मागून निळा धूर येत असेल तर ऑईल बदलत बसू नका, आधी व्हॉल्व्ह सील तपासा, मग लीकडाऊन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती बघणं) करून रिंगांचा निकाल लावा. तुमच्या पहिल्या फिल्टरमध्ये काय निघालं ते मात्र नक्की कळवा, जमलं तर उलगडलेल्या कागदाचा उजेडातला फोटो पाठवा.